झाकलेले निखारे

"माझी कान्नोन देवी चोरीला गेली हो!"

तोमेआजीचा टाहो ऐकून हेइसुकेच्या छपरावरची माणसं गवताच्या पेंढ्या टाकून धावली. अख्खं गाव त्या दिवशी त्याचं घर शाकारायला जमलं होतं. कायाहारा गावची रीतच तशी, आज तुझं छप्पर, उद्या माझं.

हवालदार सुमिए पोचली, तेव्हा आजीकडे उतरलेल्या ओंद्राला लोकांनी दारातच घेरलं होतं. चेक पोरगा, जपानचे डोंगर न् गवताची घरं बघायला आलेला. आता त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"दुपारी घरात हाच होता! बोल, कुठे लपवलीस देवी?" हेइसुके खेकसला.

"मी नाही घेतली. खरंच नाही."

"सरका सगळे," सुमिए म्हणाली. पोराला घेऊन ती आत शिरली, मागोमाग सगळे.

देव्हारा रिकामा होता. खोलीच्या मधोमध, जमिनीतल्या चुलीवरचं पातेलं खाली उतरवलेलं. निखाऱ्यांवर राख ओढून नीट थापलेली.

"आजी, रस्सा चुलीवर ठेवून गेला होतात?"

"हो. हा होता ना घरी."

"ओंद्रा, तू काय केलंस?"

"थंडी होती. लाकडं घातली. मग ऊन आलं, फोटो काढायला गेलो."

"विस्तव तसाच टाकून?" हेइसुकेने कपाळाला हात लावला. "गवताच्या घरात? अरे देवा!"

"खोटं बोलतोय तो," आजीचा मुलगा तेत्सुया मध्येच म्हणाला. तो दुपारच्या बसने नागोयाहून आला होता. खांद्यावरची पिशवीही अजून उतरवली नव्हती. "मी आलो तो थेट छपराकडे. घरात पाऊल टाकलं नाही. आई, आता कान्नोनही नाही. चल माझ्याबरोबर."

"कान्नोनला सोडून येणार नाही" हे आजीचं पालुपद गावाला तोंडपाठ होतं.

"आजी, राख तुम्ही ओढलीत?"

"छे गं! मी देव्हाऱ्यापुढेच कोसळले."

सुमिए चुलीशी बसली. तिला आता सगळं कळलं होतं, आणि बोलावंसं वाटत नव्हतं.

"ओंद्राने विस्तव उघडा टाकला, कारण आगीचं आपलं भय त्याला ठाऊकच नाही. चोराला मात्र चोरी करतानाही तो तसा सोडवेना. त्याने पातेलं उतरवलं, राख ओढली. म्हणजे तो इथेच वाढलेला. आणि इथे वाढलेले सगळे छपरावर एकमेकांच्या डोळ्यांसमोर होते. उशिरा आलेला एक सोडून. तेत्सुया, पिशवी उघड."

सदऱ्यात गुंडाळलेली कान्नोन बाहेर आली.

"विकायला नव्हती नेत," तेत्सुया म्हणाला. "आई, गेल्या हिवाळ्यात तू बर्फात पडलीस. मला कुणी कळवलंसुद्धा नाही. देवी नसली तर तू येशील, वाटलं."

आजीने मूर्ती जागेवर ठेवली. मग राख बाजूला सारली, फुंकर घातली, पातेलं वर चढवलं.

"मला फसवलंस, तेही गिळलं असतं रे. पण या परक्या पोराला चोर ठरवत होते, आणि तू उभं राहून बघत होतास. घर जळू नये एवढं शिकलास माझ्याकडून. बाकी काहीच नाही?"

रस्सा तापला. पहिला वाडगा तिने ओंद्रापुढे ठेवला.

"तू जा," ती मुलाकडे न बघता म्हणाली, "शेवटची बस निघेल."