ऑटोकारने सोडलेली पायरी

शनिवारी दुपारी मी विद्यापीठात गेले ती एका साध्या कामासाठी. माझा सहकारी ऑटोकार वसंतात वारला. त्याचं प्रमेय यंत्राकडून तपासून घ्यायचं काम एका पायरीवर अडलं होतं. आमच्यात रीत अशी, की पायरी सुचली नाही तर तिथे 'माफ करा' एवढं लिहायचं. यंत्र तेवढ्यापुरता कानाडोळा करतं आणि पुढचं तपासतं. ऑटोकारची सगळी मेहनत त्या दोन शब्दांवर लटकली होती.

"सोमवारपर्यंत भरा, रोझविटाबाई," विभागप्रमुख लॉयटनर म्हणाले होते. "नाहीतर त्याचं सगळं काढून टाकू. मेलेल्या माणसासाठी किती थांबायचं?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता.

म्युनिकवर धुकं उतरलं होतं. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. मी यंत्राला सिद्धता शोधायला लावलं. पंखा घरघरत राहिला... मग शहाजिऱ्याच्या काळ्या पावाचा वास आला. ऑटोकार टेबलावरच पाव कापायचा, कळफलकात चुरा सांडायचा. पडद्यावर पायऱ्या उमटू लागल्या. एकीचं नाव 'ब्रेझेल', दुसरीचं 'सेमेल'. यंत्र पायऱ्यांना नुसते आकडे देतं. पावांची नावं द्यायची खोड एकट्या ऑटोकारची.

मी कळफलकावरून हात काढून घेतले. तरी मनात म्हटलं, लिही बाबा, लिही.

शेवटी 'सिद्ध' असं आलं. मला रडूच फुटलं. पण सवयीने मी गृहीतकं पाहिली. त्यात एक नवं होतं: ऑटोकार जिवंत आहे.

खोटं एकदा गृहीत धरलं की यंत्राकडून काहीही सिद्ध करून घेता येतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे तोच शिकवायचा.

"हे नाही चालायचं, ऑटोकार," मी हळूच म्हणाले.

मागची खुर्ची करकरली. "राहू दे ना गं... कोण बघतंय..."

"मी बघतेय ना." मी मागे वळले नाही. "तुझं नाव मी राखेन. पण खोटं घालून नाही."

ते गृहीतक मी पुसलं. खालच्या सगळ्या पायऱ्या लाल झाल्या.

सोमवारी लॉयटनरांना सांगितलं, "पायरी रिकामीच आहे. त्याच्या कामाला हात लावलात, तर मीही माझं काम उचलून चालले." त्यांनी ऑटोकारचं काम तसंच राहू दिलं.

तेव्हापासून यंत्र आपल्या मनाने काहीतरी शोधतंय. वीज तोडली तरी सकाळी चालू असतं. पडद्यावर साध्य लिहिलेलं असतं: रोझविटा जिवंत नाही.

मी रोज समोर बसते, कॉफी पिते आणि म्हणते, "शोध, शोध. मी कुठे जात नाही." ऑटोकार चिवट होता, तर मी काय कमी आहे?

आज साध्याखाली नवी ओळ दिसली: एकच पायरी उरली. तेवढ्यात लॉयटनर दार उघडून डोकावले. मी "नमस्कार" म्हणाले. त्यांनी माझ्या खुर्चीवरून, ती रिकामी असल्यासारखी, नजर फिरवली, स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आणि दिवा मालवून निघून गेले.

मी उठले आणि दिवा परत लावला.