निबंधात न बसलेलं वाक्य

पहिल्या भेटीतच तिने त्याच्या बोटांवर पाय दिला. मुद्दाम नव्हे हो. अध्यापक विद्यालयाच्या संगणक खोलीत दुपारी चिटपाखरू नसतं, म्हणून ती वह्यांचा गठ्ठा तपासायला तिथे आली, आणि हा गृहस्थ टेबलाखाली पालथा पडून वायरी जोडत होता. वह्या सांभाळू की तोल सांभाळू, या घोळात तिची टाच नेमकी त्याच्या बोटांवर पडली. खालून "आई गं..." असा अगदी सभ्य आवाज आला. मग केसांना जळमट लागलेला एक माणूस बोटं झटकत बाहेर आला.

"मी नवीन शिक्षक," तो म्हणाला. "संगणकावरचं लेखन शिकवायला आलोय... पण इथे कुणाला त्याची फारशी गरज दिसत नाही."

"मला आहे," ती म्हणाली. या गडबडीत माफी मागायची राहूनच गेली.

ती तिथली लेखनाची बाई. होऊ घातलेल्या शिक्षकांना, मुलांकडून निबंध कसे लिहून घ्यायचे ते शिकवायची. बारा वर्षं, खडू आणि लाल पेनावर. पाठाचं टाचण काढल्याशिवाय कुणाला वर्गात पाऊल टाकू द्यायची नाही, म्हणून पोरांनी नाव पाडलं होतं टाचणबाई. यंदा मात्र प्राचार्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, की महिनाअखेरीला संगणकावर लेखनाचा एक पाठ सगळ्यांसमोर घेऊन दाखवा. नाही जमला तर विषय दुसऱ्याकडे जाईल, तुम्ही ग्रंथालय बघा. ग्रंथालयात वाईट काही नव्हतं. पण लेखनाचा तास म्हणजे तिचा जीव की प्राण.

मग रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. याआधी तिने भावाकडून शिकून पाहिलं होतं. दोन मिनिटांत तो "आण इकडे" म्हणून माऊस हिसकावून घ्यायचा आणि सगळं फटाफट स्वतःच करून टाकायचा. याची तऱ्हा वेगळी. हा खुर्चीशेजारी उभा राहायचा, दोन्ही हात पाठीमागे. तिने पान हरवलं, चुकीच्या चौकटीत अर्धा परिच्छेद लिहिला, पडदा आडवा करून ठेवला... हा फक्त विचारायचा, "आता काय दिसतंय?"

एकदा ती वैतागलीच. म्हणाली, एकदा करून दाखवा की.

"मी केलं तर मला येईल. मला येतंच."

"आणि हे हात कायम मागे का?"

"तुमच्या टाचेपासून लांब ठेवलेत."

ती इतकी हसली की घरी गेल्यावरही ते हसू पुरतं उतरलं नव्हतं. वहिनीने भाजी निवडता निवडता विचारलं, आज कुणाचा निबंध एवढा विनोदी होता? तिने सांगितलं, आहे एक विद्यार्थी. वहिनीने मान मात्र भलतीच हलवली.

तिसऱ्या आठवड्यात त्याने तिला फाइलची हिस्टरी दाखवली. कागदावर खोडलं, फाडलं की गेलं. इथे जात नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता काय लिहिलं आणि काय गाळलं, सगळं पुन्हा उघडून बघता येतं. हे तिला फारच आवडलं. मुलं काय खोडतात ते बघायला मिळावं, असं तिला बारा वर्षं वाटत होतं. तिने ठरवूनच टाकलं, पाठ याच्यावरच घ्यायचा. स्वतः एक निबंध लिहायचा, 'या वयात मी काय शिकले', आणि त्याची हिस्टरी मोठ्या पडद्यावर दाखवायची.

पाठ छान रंगला. चाळीस भावी शिक्षक, पहिल्या रांगेत प्राचार्य, मागे दिव्याच्या बटणांपाशी तो. सुरुवातीलाच तिने सांगितलं, की आपण आपलं खोडलेलं लपवलं तर मुलंही लपवतील. मग निबंधाच्या तीन फसलेल्या सुरुवाती दाखवल्या. वर्ग खळखळून हसला. आणि मग बाजूच्या यादीत तिला दिसलं... मंगळवार, तीन वाजून दहा मिनिटं.

मंगळवारी तो रजेवर होता. रिकाम्या खोलीत तिने एक वाक्य लिहिलं होतं, वाचलं होतं आणि लाजून लगेच पुसलं होतं. पुसलं की गेलं, ही जुनी सवय. जे शिकवायला उभी राहिली होती तेच ती विसरली होती.

तिने हळूच बुधवार उघडला.

"बाई, मंगळवार राहिला," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. प्राचार्यांनी पेन उचललं.

आता टाळावं तर पाठाची माती. बोलून तर बसली होती, लपवायचं नाही म्हणून. तिने मंगळवार उघडला.

'त्यांनी एकदाही माझ्या हातातून माऊस घेतला नाही. असा माणूस घरात असावा.'

मागून कुणीतरी खुदकन हसलं. तिचे कान तापले होते, पण आवाज नेहमीचा, तासावरचाच होता.

"हे वाक्य मी गाळलं. खोटं होतं म्हणून नाही. खरं आहे. पण निबंध शिकण्याबद्दल होता आणि हे त्याला भलतीकडेच ओढत होतं. चांगलं वाक्यही कधीकधी गाळावं लागतं. लिहून घ्या."

चाळीस माना खाली गेल्या. प्राचार्यांनीही लिहून घेतलं. जाताना ते म्हणाले, विषय तुमच्याकडेच राहील, आणि उगाचच खाकरले.

खोली रिकामी झाली. तो मागून पुढे आला, हात पाठीमागेच.

"कारण पटलं," तो म्हणाला. "निबंधात बसत नव्हतं ते."

"नव्हतंच."

"मग... कुठे बसतं?"

यावेळी टाचणबाईने टाचण काढलं नाही. तिने एक कोरी फाइल उघडली, तेच वाक्य पुन्हा वर लिहिलं आणि कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. तो शेजारच्या खुर्चीत बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचे हात पुढे आले. त्याने लिहिलं:

'पहिल्याच दिवशी आईला सांगितलं, एका बाईंनी बोटांवर पाय दिला. आई म्हणाली, घेऊन ये तिला. महिना झाला, मी धीर गोळा करतोय.'

मग त्याचं बोट पुसायच्या बटणावर गेलं. "गाळू का हे?"

"गाळून काय उपयोग," ती म्हणाली. "हिस्टरीत राहीलच."

तिने त्याचा हात बटणावरून उचलला, आणि मग सोडला नाही.