नऊ वाजता उघडलेली साईट

जोतीरामला गाळाच्या टाकीतून वर काढलं, तेव्हा तो संपला होता. काठावर काढून ठेवलेल्या त्याच्या शर्टात मोबाईल वाजला. ‘टाकीत विषारी वायू. आत उतरू नका.’

मेसेज सकाळी आठला जायचा होता. आला साडेअकराला. कागल एमआयडीसीतल्या त्या कारखान्यानं खापर फोडलं अरबाजच्या डोक्यावर. मालकाच्या सगळ्या कारखान्यांच्या वेबसाईट आणि त्यांवरून ठरल्या वेळी आपोआप जाणारे मेसेज तोच सांभाळायचा.

"ताई, उद्या पोलीस मला उचलणार," शाहूपुरीतल्या ऑफिसात तो मुबशिराला म्हणाला. मुबशिरा खासगी तपास करायची. सम्राट तिची गाडी चालवायचा आणि शंका काढायचा. बहुतेक चुकीच्याच.

"मेसेज अडकला कसा?"

"साईट झोपते, ताई. कुणी उघडली की जागी होते, अन् वेळ होऊन गेलेली सगळी कामं उरकते. मेन ऑफिसची साईट दिवसभर कोण ना कोण उघडतंय. या कारखान्याच्या साईटवर कुत्रं फिरकत न्हाय. तिला बाहेरनं जागं करायची सोय लावायची राहिली. माझ्यामुळं माणूस गेला." त्याला रडू आवरेना.

"मग यानंच घोळ घातला की," सम्राट पुटपुटला.

कारखान्यात सुपरवायझर राजवीर ताठ उभा होता. "जोतीराम दहाला उतरला. मी सूचना आदल्या संध्याकाळीच साईटवर घातलेली. वेळ आठची. बघा की!"

साईटवर सूचनेची वेळ आठचीच दिसत होती. सूचना घातली कधी, ते मात्र कुठंच दिसत नव्हतं.

"त्यानंतर तुम्ही साईट उघडली?"

"न्हाय बा. दुसरी कामं काय कमी हायत?"

जोतीरामची लेक क्रांती घराच्या उंबऱ्यात बसून होती. "सकाळी गेलं ते गेलंच आबा. नऊला मी कारखान्याच्या साईटवर त्यांची जेवणाची सुट्टी कधी ते बघितलं, डबा कधी पाठवायचा म्हणून. भरून ठेवला हुता की वो ताई."

मुबशिरानं पोलिसांना फोन लावला.

संध्याकाळी सगळे कारखान्यात जमले. "नऊला क्रांतीनं साईट उघडली," मुबशिरा म्हणाली. "म्हणजे साईट जागी झाली. आठची सूचना आत असती, तर तेव्हाच गेली असती. का गेली नाही?"

"बिघडली आसंल," सम्राट म्हणाला.

"मग साडेअकराला बरी कशी झाली? अरे, नऊला सूचना आत नव्हतीच! माणूस मेल्यावर राजवीरनं साईट उघडली आणि मागची वेळ टाकून ती घुसडली. त्याच्याच उघडण्यानं साईट जागी झाली, आणि वेळ टळलेली सूचना तिथल्या तिथं सुटली."

राजवीरचा चेहरा पांढरा पडला. "सूचना घालायला विसरलो वो. नुसतं विसरलो."

"विसरलात, कबूल. या पोराला गोवताना मात्र सगळं नीट आठवत होतं!" मुबशिरा कडाडली. हवालदार पुढं झाला.

क्रांती हळूच म्हणाली, "ताई, सूचना आत असती, तर मी उघडल्यावर आबांना मेसेज गेला असता?"

"व्हय, बाळ."

"अन् ते दहाला उतरलं."

क्रांती राजवीरसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या हातनं वाचलं असतं आबा," ती म्हणाली.