राघूकाठाचे पत्ते

सूर्यभानचं काम असं, की त्यात डोकं कमी आणि डोळे जास्त लागत. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या अंगाला विणकरांची सोसायटी होती. टिनाचं छत, आत माग, आणि दाराशी त्याचं पत्ते कापायचं यंत्र. चौकटीच्या कागदावर रंगवलेला नकाशा समोर लावायचा, एकेक ओळ वाचायची आणि जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यावर तशी भोकं पाडायची. पत्ते ओवून त्यांची माळ मागावर चढवली, की जिथं भोक तिथं धागा उचलला जाई आणि लुगड्याच्या काठावर राघू आपोआप उतरे. सारा खेळ त्या भोकांचा. त्यामुळं एक नियम पक्का होता: पत्त्याला हात लावायचा नाही. चूक दिसली तर नकाशा सुधारा आणि पत्ते नव्यानं कापा. पत्त्याला ठिगळ लावणाऱ्याला नत्थुजी मागापाशी उभंसुद्धा करत नसत.

हे नत्थुजी म्हणजे सोसायटीतले जुने कोष्टी. हात सराईत, तोंड फटकळ. एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनीच हाक मारली.

"सूर्यभान, काय कापून ठेवलं बे हे? दोन राघूंच्या मंधात पोट्टी कुठून आली?"

सूर्यभाननं वाकून पाहिलं. राघू, राघू, आणि मधे फुलाच्या जागी पाठमोरी पोर. अंगात झगा, दोन वेण्या, डावी आखूड. त्यानं कापड उलटून पाहिलं. उलट्या बाजूला डावं ते उजवं व्हायला पाहिजे. इथं आखूड वेणी डावीच होती.

त्याची लेक जमुना गेल्या पावसाळ्यात घटसर्पानं गेली. घशात पडदा धरला आणि पोर श्वासाला महाग झाली. त्याच्या महिनाभर आधी चुलीपाशी वाकताना तिची डावी वेणी जळाली होती, आणि मायलेकी त्यावर हसून हसून बेजार झाल्या होत्या.

सूर्यभानला भीती वाटली नाही. रडूही आलं नाही. जमुना गेल्यापासून त्याचं सारं असंच होतं. भाकरी पोटात जाई, चव लागत नसे. बोट यंत्रात चेमटलं तरी रक्त दिसल्यावर कळे. त्यानं मुकाट्यानं नकाशा तपासला. नकाशात फूल होतं. त्यानं पत्ते नव्यानं कापले, चढवले. पोर पुन्हा आली.

त्याची बायको पंचफुला त्याच शेडात मागाच्या कांड्यांवर सूत भरायची. लेक गेल्यापासून तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. ती टोपलं घेऊन मागापाशी आली, थांबली आणि आखूड वेणीवर बोट ठेवलं.

"तेल नाई लावलं कोणी पोट्टीले," ती म्हणाली.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या पार्बताबाईशी कडाकडा भांडली. घरात पुन्हा भांड्यांचा आवाज यायला लागला बाप्पा! पार्बताबाईनं भांडण विसरून सूर्यभानला भगताकडे जायला सुचवलं.

"बुद्धाची दीक्षा घेतली तवाच भगत सुटला आमचा," तो म्हणाला. त्याला पोर घालवायची नव्हतीच. बायको बोलत होती, त्याला तेवढं पुरे होतं.

पण सोसायटीचे सेक्रेटरी उत्तमराव एक दिवस लालबुंद होऊन आले.

"व्यापारी लुगडे वापस करून राह्यला, सूर्यभान! बाया म्हंतात, मेलेली पोट्टी आंगावर कोण घेईन? हे निघालं नाई तर तुले काढा लागन मले, अन् तुह्या बायकोलेबी."

"नव्यानं कापून पाह्यलं साहेब. नकाशात नाईच ते."

"मंग भोकं बुजव पत्त्यातले!"

"पत्त्याले हात लावत नाई आमी."

"राजेहो, चुलीत घाल तो नियम!"

पंचफुला बाजारात गेलेली पाहून सूर्यभाननं मैद्याची खळ शिजवली. पोरीचं एकेक भोक शोधून त्यावर कागद चिकटवला. हात हलत होते, बाकी काही हलत नव्हतं. नत्थुजींनी तोंड फिरवलं, पण माग चालवला. राघू, कोरी जागा, राघू. काठ साफ निघाला.

पंचफुला आली. तिनं काठ पाहिला, मग वर टांगलेले पत्ते पाहिले. 

"आता तिले हवा कुठून भेटन?" तिनं विचारलं.

मग ती कांड्या भरायला बसली. संध्याकाळी तिनं ताट वाढलं आणि त्याच्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. पुन्हा पहिल्यासारखी मुकी. सूर्यभानला काहीतरी व्हायला पाहिजे होतं. झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माग थांबले, माणसं जेवायला गेली; पंचफुला तेवढी कांड्यांपाशी बसून होती. सूर्यभान मागापाशी गेला. दारं लावलेली. हवा इतकी ठप्प, की उन्हाच्या पट्ट्यात कापसाचा तंतूही जागचा हलत नव्हता.

पत्त्यांवरचे कागद हलत होते.

सारे एकदम फुगायचे. सारे एकदम आत जायचे.

त्यानं बोट लावलं. खळ कालच सुकली होती. कागद ओला होता, कोमट होता.

"पंचफुले," त्यानं हाक मारली. "इकडे ये."

ती आली. काही न विचारता तिनं नखानं पहिला कागद खरवडला. त्यानं दुसरा. उद्या उत्तमराव दोघांनाही काढणार, हे त्याला ठाऊक होतं. बोटं थांबली नाहीत.

शेवटचा कागद निघेना. सुटावा म्हणून त्यानं तोंड जवळ नेऊन फुंकर मारली.

कागद आत गेला. तसाच राहिला.

मग तो हळूच त्याच्या ओठांकडे फुगत आला. कडेनं सुटला, आणि घोटभर ऊन श्वास त्याच्या तोंडावर आला. घशाला लावायच्या औषधाचा वास होता त्याला.

जमुना गेल्यापासून पहिल्यांदा सूर्यभानला कशाचा वास जाणवला होता. त्यानं पुन्हा फुंकायला छाती भरली.

पंचफुलानं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"हळू," ती म्हणाली. "ठसका लागते तिले."