माग थांबल्याची रेघ

फोन खरं तर माझा नव्हताच. शेजारच्या टेबलावरची रक्षा चहाला गेली होती, तिची लाइन फिरून माझ्या कानात आली आणि सगळ्यात आधी ऐकू आली ती नुसती खटक-फटक, खटक-फटक... डोकं उठवणारी. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार, मी नीलम बोलतेय. आपली काय मदत करू शकते, सर?" आणि तो सगळा गोंधळ एकदम थांबला. मग एक आवाज आला. जरा दबका, जरा लाजरा.

"सर म्हणू नका, मॅडम. मी वडगावचा विणकर हाय, साईनाथ. आमच्या दुकानाचं खातं तुम्ही लोकांनी बंद केलंय."

लोकांच्या तक्रारी ऐकणं हेच माझं काम. आमची कंपनी दुकानदारांना मोबाईलवरून पैसे घ्यायची सोय करून देते. काउंटरवर तो काळा-पांढरा चौकोन आणि शेजारी पैसे आले की मोठ्यानं सांगणारी पेटी. बेळगावात कॉलेज रोडवर आमचं ऑफिस. निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणाचे पैसे अडकले, कुणाचे भलत्यालाच गेले, की फोन आमच्याकडे – मराठीत, कन्नडात आणि फारच चिडले तर हिंदीत. मी कंग्राळीहून रोज सिटी बसनं येते. आई म्हणते, शिव्या खायचा पगार मिळवणारी आपल्या घरातली तू पहिलीच.

साईनाथ मात्र रागावला नव्हता. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते आम्हाला शिकवतात. दुखावलेल्याशी कसं बोलायचं ते कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे मी नुसतीच ऐकत राहिले.

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत साड्यांचं दुकान होतं आणि भिंतीपलीकडे दोन यंत्रमाग. आई दुर्गाबाई गादीवर बसायच्या, हा मागावर असायचा. मागच्या महिन्यात काही गिऱ्हाइकांनी कंपनीकडे तक्रार केली, की या बाईंनी एकाच साडीचे दोनदा पैसे घेतले. साईनाथनं ज्याचे त्याला परत केले होते. पण तीच तक्रार पुन:पुन्हा आली की आमची यंत्रणा आपणहून खातं बंद करते आणि मग आम्ही शोधायचं, ही चूक आहे की लबाडी. कारण सापडलं नाही तर दुकानाच्या नावापुढे 'विश्वासार्ह नाही' असा शेरा बसतो, आणि तो कायमचा. माझ्याकडे आठवडाभराची मुदत होती.

"गौरी-गणपती तोंडावर आल्यात, धंदा बसला, ते एक असू दे," तो म्हणाला. "पण निपाणीची एक बाई भर गल्लीत आईला लबाड म्हणून गेली. तवापासनं आई गादीवर बसंना झालीया. तेवढं कायतरी करा, मॅडम."

ज्यानं फोन उचलला त्यानंच तक्रार शेवटपर्यंत न्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. रक्षाचा चहा मला असा महागात पडला.

पहिला संशय पेटीवर होता. पेटी बोललीच नाही तर बिचाऱ्या दुर्गाबाई म्हणणारच, की पैसे आले नाहीत, परत पाठवा. म्हणून दुसऱ्या दिवशी मी चाचणीपुरतं खातं उघडलं आणि फोन करून इथूनच एक रुपया पाठवला. फोनवर मला पेटी खणखणीत ऐकू आली. संध्याकाळी पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. पेटी बिचारी निर्दोष होती, आणि ती निर्दोष म्हणजे दुर्गाबाई दोषी. मला हे अजिबात आवडलं नाही.

मग रोज फोन होऊ लागले. कामाचेच होते, खरंच. आमचा प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो आणि आमच्या वरिष्ठ भाग्यलक्ष्मी मॅडम तो नंतर ऐकतात, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्याचा परिणाम भलताच झाला. तो सगळं काही तक्रारीच्याच भाषेत बोलायला शिकला.

"मॅडम, एक तक्रार नोंदवायची हाय."

"बोला, सर."

"काल तुमचा फोन आला न्हाय."

"त्यासाठी आमच्याकडे रकाना नाही, सर."

"'इतर' असा रकाना आसंल की... त्यात घाला."

मी हसले. रेकॉर्डिंगवर हसले. पुढे दिवसभर माझे कान गरम होते, आणि त्याला हेडफोन कारण नव्हता.

असं कळत कळत बरंच कळलं. वडील गेल्यापासून माग तोच चालवतो. आधी तो शहापूरच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याला जांभळा रंग आवडतो, पण गिऱ्हाइकांना हिरवाच हवा असतो. मीही कधी कंग्राळीच्या शेतातल्या चिखलाचं सांगितलं, कधी बसमध्ये छत्रीचं पाणी कसं दुसऱ्याच्याच पायावर पडतं ते सांगितलं. बाहेर ऑगस्टचा पाऊस चालू-बंद होत होता. मुदत संपत आली होती आणि मला कारण काही सापडत नव्हतं. त्याच्याशी बोलताना किती बरं वाटतं, हे तर मला सापडून कधीच चुकलं होतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटू लागली होती. उद्या शेरा मारायची वेळ आली तर तो मलाच मारायचा होता.

अशात एक दिवस भाग्यलक्ष्मी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडमची मराठी कन्नडाच्या हेलात येते, त्यामुळे रागावल्या तरी ओवी म्हटल्यासारख्या वाटतात. त्यांनी माझी सगळी रेकॉर्डिंगं ऐकली होती. मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

"हे काय आहे गं, नीलम? दर वेळी आधी खटखट, तू बोलली की बंद."

"माग आहेत, मॅडम. फोन उचलला की तो थांबवतो."

मॅडमनी कानातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "माझं माहेर रबकवी. घरात माग होते आमच्या. फोन आला तर माणूस बाहेर जाऊन बोलतो. फोनसाठी कुणी माग थांबवत नाही. थांबवला की कापड बिघडतं." मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "हा रोज थांबवतो?"

माझ्या डोक्यात एकाच वेळी दोन दिवे लागले. एक मी घाईघाईनं विझवला, कारण तो केबिनमध्ये उजेडात यायच्या लायकीचा नव्हता. दुसरा मात्र कामाचा होता. मी आजवर ते दुकान जसं ऐकलं होतं, तसं ते कुठल्याच गिऱ्हाइकानं ऐकलेलं नव्हतं.

मी मॅडमच्या समोरूनच फोन लावला. खटक-फटक सुरू होती.

"आज माग थांबवू नका," मी ओरडूनच सांगितलं.

"आँ? मग तुमचा आवाज कसा ऐकू येणार?"

"आज माझा आवाज नको. आईंना गादीवर बसवा, मोबाईल त्यांच्याजवळ द्या आणि तुम्ही मागावर जा."

पलीकडे बरीच कुरकुर झाली. दुर्गाबाई बसायला तयार नव्हत्या. शेवटी बसल्या. मी एक रुपया पाठवला. खटक-फटक, खटक-फटक. पेटी बोलली असेल तर तिचं तिलाच माहीत. "काकू, पैसे आले का?" मी ओरडून विचारलं.

"न्हाय बा," दुर्गाबाई म्हणाल्या. "बोललं न्हाय. परत करा बघू एकडाव."

एकूण एक तक्रारीत गिऱ्हाइकांनी हेच शब्द लिहिले होते. मी त्यांना म्हटलं, साईनाथना माग थांबवायला सांगा. माग थांबले. मी पुन्हा रुपया पाठवला आणि पेटी अशी काही बोलली, की दुर्गाबाई दचकल्याचं मला फोनवर कळलं.

जन्म गेला होता त्यांचा त्या खटखटीत. ज्यांच्या घरात ती दिवसभर चालते त्यांना तो आवाज वाटतच नाही, ती घरातली शांतताच असते. म्हणून आईला वाटलं पेटी बोलली नाही, लेकाला वाटलं पेटी बरी आहे, आणि मला फोनवर पेटी ऐकू आली, कारण माझ्यासाठी तो माग बंद करत होता. त्याचा चांगुलपणाच त्याच्या मुळावर आला होता.

"म्हंजे ती बोलत हुती व्हय?" दुर्गाबाईंचा आवाज बारीक झाला. "मलाच ऐकू आलं न्हाय?"

"कुणालाच आलं नसतं, काकू. तुमची काही चूक नाही. मी तसं लिहून देणार आहे."

पलीकडे त्या रडत होत्या. इकडे मीही काही फार वेगळं करत नव्हते. मॅडमनी माझ्यापुढे रुमाल सरकवला.

अहवाल लिहिला आणि खाली सही करायच्या आधी मी थांबले. आमच्याकडे आणखी एक नियम आहे. ग्राहकाशी ओळख असेल तर तक्रारीचा निकाल आपण द्यायचा नाही, दुसऱ्यानं द्यायचा. उद्या कुणी म्हणायला नको, की या पोरीनं ओळखीपोटी दुर्गाबाईंना सोडवलं. त्यांचं नाव अगदी लख्ख निघायला हवं होतं. मी कागद मॅडमपुढे ठेवला आणि म्हटलं, निकाल तुम्ही द्या.

"का? ओळख आहे?"

"अजून नाही, मॅडम."

"मग?"

"व्हायची... शक्यता आहे."

मॅडमनी मान खाली घालून सही केली. हसू लपवताना त्यांचे खांदे हलतात, हे मला त्या दिवशी कळलं.

खातं सुरू झालं. दुकानाला नवी पेटी गेली, तिच्यावर रकमेचा आकडा मोठा दिसतो. दुर्गाबाईंना अक्षरं येत नव्हती तरी आकडे येत होते. तक्रार मिटल्याचं कळवायला आमच्या ऑफिसातल्या आदर्शनं फोन केला. मी केला नाही. तक्रार माझ्याकडे नव्हती, मग कुठल्या तोंडानं करणार? त्या रात्री जेवताना आईनं दोनदा विचारलं, आज शिव्या कमी पडल्या काय गं?

आणि मग दोन दिवसांनी मॅडमनी मला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं.

"तुझ्याविरुद्ध तक्रार आली आहे."

मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. प्रकार – इतर. तक्रारदार – साईनाथ, वडगाव. खाली लिहिलं होतं, 'आमचं काम झालं, आईचं नाव राहिलं, त्याबद्दल आभार. पण ज्या मॅडमनी ते केलं त्यांनी न सांगता लाइन बदलली. आता आमच्याकडे माग बंदच होत नाहीत. चैन पडत नाही. कृपया दखल घ्यावी.'

मी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचायला लागले, तेव्हा मॅडमनी पडदा परत वळवून घेतला.

"नियमानं उत्तर तुलाच द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "पण रेकॉर्डिंगवर नको बाई, मला ऐकवत नाही. उद्या रविवार आहे. वडगाव काय लांब आहे?"

वडगाव लांब नव्हतं. पण माझे पाय गल्लीच्या तोंडाशी दोनदा अडखळले. पाऊस भुरभुरत होता आणि घराघरातून खटक-फटक येत होती. दुकानात दुर्गाबाई गादीवर ताठ बसल्या होत्या, कपाळावर मोठं कुंकू. मी कोण ते सांगितलं नाही. साड्या दाखवा म्हटलं.

त्यांनी हिरव्या काढल्या, पिवळ्या काढल्या. माझं लक्ष कोपऱ्यातल्या एका गठ्ठ्याकडे गेलं. वरची साडी जांभळी होती. ती दाखवा म्हटलं, तर त्यांनी मान हलवली.

"त्या विकायच्या न्हायत गं, पोरी. बिघडलेल्या हायत." त्यांनी एक पदर उलगडून उजेडात धरला. जांभळ्या रंगात एक केसाएवढी बारीक आडवी रेघ होती. "माग मधीच थांबवला की आशी रेघ पडती. ह्यो समदा माझ्या लेकाचा परताप. फोन आला की माग बंद. बाहीर जाऊन बोल म्हटलं तर म्हणतो, बाहीर तू ऐकत बसतीस."

मी रेघेवरून बोट फिरवलं. खालच्या साडीतही होती. त्याच्या खालचीतही. माझ्या 'नमस्कार, मी नीलम बोलतेय' या पाठ केलेल्या वाक्यापायी एवढ्या साड्या बिघडल्या होत्या, आणि त्यानं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"मला हीच हवी, काकू," मी म्हटलं.

त्यांनी पुष्कळ समजावलं. मी ऐकलं नाही. शेवटी पडेल भावात द्यायला तयार झाल्या. मी मोबाईल पुढे केला. पेटीवर आकडा उमटला, तो त्यांनी बोट ठेवून वाचला आणि खुशीत मान डोलावली. तेवढ्यात मी मागांच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून, खटखटीच्या वर आवाज चढवून विचारलं, "काकू, पैसे आले ना?"

भिंतीपलीकडची खटखट थांबली.

दारात एक उंच, सावळा मुलगा येऊन उभा राहिला. केसांत सुताचे तंतू, हात तेलकट. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं आणि तरी तो मला पाठ होता. तो माझ्याकडे बघत होता, मग माझ्या हातातल्या साडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"ही... तुम्ही पहिल्यांदा हसलात तवाची हाय," तो म्हणाला.

दुर्गाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि मग सगळं उमजून त्या उगाचच साड्यांच्या घड्या घालू लागल्या.

"तुमच्या तक्रारीचं उत्तर द्यायला आलेय," मी म्हटलं. आवाज ऑफिसातल्यासारखा निघावा म्हणून जिवाचा आटापिटा केला, पण तो निघाला नाही. "माग का थांबवला? आता तर आकडा दिसतो."

"आकडा दिसतो की. पण तुमचा आवाज कुठं दिसतोय?" त्यानं हात पुसायला फडकं शोधलं, सापडलं नाही. "मला रोज ऐकायचाय त्यो. रेकॉर्डिंग नसताना. चालंल काय?"

मी सरळ बोलायचं ठरवून आले होते. चांगली दोन-तीन वाक्यं बसमध्ये जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. तोंडातून निघालं ते आमच्या कंग्राळीचं, घरातलं.

"व्हय की," मी म्हटलं. "लई चालंल."

"साई," दुर्गाबाई घडीवरून मान वर न करता म्हणाल्या, "माग चालू कर रं. आणि एक रेघ पडंल बघ."

"पडू दे, आई," तो म्हणाला आणि जागचा हलला नाही. "ही बी विकायची न्हाय."