विरघळवायला आणलेली पट्टी

दार मी ओढलं, त्यानं ढकललं... आणि त्याच्या हातातलं खोकं थेट माझ्या पायांवर! बिघडलेल्या पट्ट्या जमिनीभर.

"दिसत नाही का हो?" मी खेकसले.

"आता दिसलं," तो माझ्याकडे बघत म्हणाला. आगाऊ कुठला!

वरच्या मजल्यावर तो प्रकाश देणाऱ्या पातळ, लवचीक पट्ट्या बनवायचा. ज्या उजळायच्या नाहीत त्या खाली माझ्याकडे. मी त्या कोमट द्रावकात बुडवायची. वीज दिली की उजळणारं त्यातलं अर्धवाहक पॉलिमर सुटून यायचं. ते गाळून, वाळवून मी पुन्हा वर पाठवायची, नव्या पट्ट्यांसाठी.

त्या दिवसापासून खोकं घेऊन तो स्वतःच यायला लागला. गाळून होईपर्यंत स्टुलावर बसून नुसती बडबड!

"एवढा वेळ लागतो?"

"घाई असेल तर जा की."

"छे... घाई कुणाला आहे?"

मी मान खाली घालून हसायची.

गंमत अशी, की माझं पॉलिमर जितकं स्वच्छ होत गेलं, तितक्या त्याच्या पट्ट्या कमी बिघडायला लागल्या. मग त्याचं येणंही कमी झालं. घरी मला जेवण जाईना. ताईनं बरोबर ओळखलं.

"मग जरा कमी गाळ ना! चार पट्ट्या बिघडतील, स्वारी येईल खाली."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. दुसऱ्या दिवशी गाळणी हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती उभी होते. पण त्याचं काम मी बिघडवायचं? मन होईना. उलट दोनदा गाळलं. नाही आला तर नाही आला!

आणि तो आला. हातात एकच पट्टी.

"बिघडली."

विरघळवण्याआधी प्रत्येक पट्टी मी तपासतेच. तारा जोडल्या... पट्टी लख्ख उजळली.

"अहो, ही तर चांगली आहे!"

"हो..." तो कान चोळत म्हणाला, "काय करू? तुमच्यामुळे आता एकही बिघडत नाही. पंचाईत झाली माझी... खाली यायला निमित्तच उरलं नाही."

आज गप्प बसले असते, तर संपलंच होतं सगळं.

"म्हणून चांगली पट्टी विरघळवायची? वेडा आहेस का तू?"

"आहे," तो हळूच म्हणाला. "तू फार आवडतेस मला."

मी तारा काढल्या, पट्टी त्याच्या हातात दिली.

"ही वर ठेवून ये. आणि यापुढे रिकाम्या हातानं येत जा... मी रोज वाट बघते रे तुझी."