सातवं प्रकरण

मुकुंद आठल्ये खो खो हसत होते. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा लावला, तेच वाक्य पुन्हा वाचलं आणि पुन्हा हसले. त्यांच्या हातातली पाटी हसण्याबरोबर थरथरत होती. पाटी म्हणजे शाळेतली नव्हे. कागदाएवढी पातळ, गुंडाळून खिशात ठेवता येणारी आणि हवी ती अक्षरं उमटवणारी. सांगलीत विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी गेले काही महिने प्रत्येक रविवार असाच उजाडत होता.

“काय हाणलंय बाईने!” ते म्हणाले. “सातवं प्रकरण म्हणजे कळस आहे, कळस!”

स्वयंपाकघरात वैजयंतीबाई थालीपीठ थापत होत्या. त्यांच्या कानातल्या मण्यात त्याच पुस्तकाची श्राव्य आवृत्ती चालू होती. “सातवं ना? अगदी अगदी!” त्या आतून ओरडल्या आणि हसण्याच्या नादात थालीपीठाला भोकं पाडायची विसरल्या.

त्यांची मुलगी ऋजुता टेबलाशी बसून हे सगळं बघत होती. तिला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

पुस्तक तिनेच आणलं होतं. वडिलांना वाचायला, आईला ऐकायला. सावनी खैरमोडे ही रंगमंचावर एकटी उभी राहून समाजाची सालटी काढणारी बाई. ‘आमचं काही नाही’ हे तिच्या कार्यक्रमांचं पुस्तक. सातव्या प्रकरणात तिने एक गृहस्थ रंगवले होते. निवृत्त, सुसंस्कृत, व्याख्यानमालेला पहिल्या रांगेत बसणारे, जातपात न मानणारे आणि मुलीने कोणाचं नाव काढलं की “कुठले ते?” असं हळूच विचारणारे. मुकुंदरावांचाच फोटो छापल्यासारखं ते वर्णन होतं. वाचताना बाबा एकदा तरी चपापतील, ओशाळतील, मग आपण हळूच विषय काढू, असा ऋजुताचा बेत होता.

बाबा चपापले नाहीत, ओशाळले नाहीत. नुसते हसले, आणि हसतच राहिले. माणूस स्वतःवरचा एवढा जहरी विनोद वाचून इतका मोकळा कसा हसू शकतो, हे तिला कळेना.

बरं, विषय साधासुधा नव्हता. पूर अंदाज केंद्रातला अमोघ आणि ती लग्न करणार होते. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी कुठवर चढेल ते सगळ्या सांगलीला अमोघच्या आवाजात कळायचं. “अमोघने सांगितलंय ना, मग सामान हलवायचं नाही,” असं मुकुंदराव अख्ख्या कॉलनीला बजावत. त्यांना फक्त त्याचं आडनाव माहीत नव्हतं. घरी कधी सांगणार, असं अमोघने विचारलं की ऋजुता म्हणायची, “पुस्तक दिलंय. वाचतायत.” काल त्याने नुसतं “अजून वाचतायत?” एवढंच विचारलं. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आज मात्र तिचा धीर सुटला.

“बाबा, तुम्हाला सातवं प्रकरण खरंच पटतं?”

“शंभर टक्के! अगं, लाज वाटली पाहिजे असल्या लोकांना.”

“मग ऐका. मी लग्न ठरवलंय. अमोघशी. पुराच्या अमोघशी.”

मुकुंदरावांचा चेहरा उजळला. “आपला अमोघ? वा! अगं, हिरा आहे तो मुलगा. वैजू, ऐकलंस का? बाहेर ये!” वैजयंतीबाई पिठाचे हात घेऊनच बाहेर आल्या. मुकुंदरावांनी पाटी मांडीवर ठेवली आणि आवाज थोडा खाली आणून विचारलं, “आडनाव काय त्याचं?”

“वाघमारे.”

“वाघमारे.” ते थांबले. “म्हणजे कुठले?”

“मिरजेचे.”

“तसं नाही. मूळचे. म्हणजे... नेमके कुठले?”

ऋजुताने कपाळावर हात मारला. “अहो बाबा, हेच! हेच तर सातवं प्रकरण! अक्षर न् अक्षर!”

“काहीतरीच काय बोलतेस?” मुकुंदराव दुखावले. “सातवं प्रकरण त्या पुढाऱ्यांवर आहे. उमेदवारी देताना जात बघणाऱ्या. त्याचा माझा काय संबंध?”

“पुढाऱ्यांवर?” वैजयंतीबाई म्हणाल्या. “छे हो, ते लग्नं जुळवत फिरणाऱ्या बायकांवर आहे. आपल्या कुमुदवन्सं अगदी डोळ्यांसमोर येतात.”

“ते बाबांवर आहे!” ऋजुता ओरडली.

मुकुंदरावांनी पाटी उचलून तीच ओळ पुन्हा तपासली.

पुस्तकांत भावजुळणी असते हे तिघांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पूर्वी विनोदाने कोणाच्या ना कोणाच्या भावना दुखावत, मग खटले, मोर्चे, फोडलेल्या खुर्च्या. त्यावर प्रकाशकांनी काढलेला हा तोडगा. वाचताना पाटी तुमच्या डोळ्यांची बाहुली बघते, ऐकताना कानातला मणी नाडी मोजतो. एखादा शब्द टोचणार असं दिसलं की टोचायच्या आधीच तो बदलतो, आणि सावनी खैरमोडेच्याच आवाजात बदलतो. ‘तिखट तुमच्या जिभेप्रमाणे, आशय तोच’ अशी त्याची जाहिरात होती. ऋजुताला वाटायचं, एखादी शिवी गाळत असतील, एखादा शब्द मऊ करत असतील. आख्खा माणूसच बदलतात, बोचऱ्या वाक्यासमोर तुमच्याऐवजी शेजाऱ्याला नेऊन उभा करतात, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि कोणाच्या डोक्यात येणार? पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्याची रीत केव्हाच गेली होती. प्रत्येकाची आपापली पाटी, आपापला मणी. बागेत, बँकेत, लग्नाच्या पंगतीत माणसं भेटत आणि “सातवं प्रकरण?” “अहाहा, सातवं!” अशी टाळी देऊन पुढे जात. सारं गाव एकाच विनोदाला हसतंय असं सारं गाव समजत होतं. आणि इतकं हसूनही कोणाचं काही हलत कसं नाही, याचं नवलसुद्धा कोणाला वाटत नव्हतं.

“दाखव बरं तुझी पाटी,” मुकुंदराव म्हणाले. त्यांनी ती हातात घेतली, आणि ऋजुताच्या देखत पाटीवरचे निवृत्त गृहस्थ विरघळून तिथे खादीची टोपी घातलेले पुढारी आले. “हे बघ. पुढारीच आहेत.”

“अहो, तुम्ही बघितलंत म्हणून आले ते!”

तिने पाटी हिसकावून घेतली. गृहस्थ परत आले. “मी वाचते, तुम्ही फक्त ऐका,” असं म्हणून तिने सुरुवात केली. पण खोलीत तीन माणसं ऐकतायत हे पाटीला कळलं असावं. तिघांनाही टोचणार नाही असं काही शोधता शोधता बिचारी मेटाकुटीला आली. ऋजुताच्या डोळ्यांसमोर वाक्यं सुकत गेली, आणि तिच्या तोंडून शेवटी एवढंच बाहेर पडलं: “काही लोक कधीकधी काहींना काहीतरी विचारतात.”

“यात विनोद कुठाय?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

ऋजुताने पाटी टेबलावर आपटली. हसावं की रडावं तेच तिला कळेना. एवढ्या महिन्यांची वाट, आणि बाबांनी ते वाचलंच नव्हतं. एकदाही नाही.

“यात मूळ आवृत्ती असते,” ती म्हणाली. “जुळणी न केलेली. सावनीच्या प्रत्यक्ष प्रयोगाचं ध्वनिमुद्रण. पण खोलीतल्या प्रत्येकाने ‘मला चालेल’ असं स्पष्ट म्हणावं लागतं. नंतर तक्रार करता येत नाही.”

“मग त्यात काय!” मुकुंदराव ताठ बसले. “माझी कसली हरकत? मी काय घाबरतो की काय? मला चालेल.”

“मलाही चालेल,” वैजयंतीबाई पदराला हात पुसत म्हणाल्या.

“मला चालेल,” ऋजुता म्हणाली, आणि मनातल्या मनात दात विचकून हसली. आता कळेल बाबांना.

पाटीतून आवाज आला. रोजचा गोड, घोटीव आवाज नव्हे. घसा खाकरल्याचा, कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा, आणि मग एका दमलेल्या, त्रासलेल्या बाईचा.

“आपल्याकडे जात कोणी विचारत नाही बरं का. छे! लोक फक्त पत्ता विचारतात. ‘कुठले तुम्ही?’ मिरजेची. ‘तसं नाही, मूळच्या?’ मूळचीही मिरजेची. ‘नाही नाही, अगदी मूळच्या?’ अहो, आईच्या पोटापर्यंत आलात, आणखी किती मागे जाऊ? हे काका पुरोगामी हां. व्याख्यानाला पहिल्या रांगेत. टाळ्या अशा वाजवतात की वक्त्याला वाटतं, बदलला समाज! समाज घरी येतो, चप्पल काढतो आणि विचारतो, ‘नेमके कुठले?’”

मुकुंदराव हसले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“मग येतात काकू, चहा घेऊन. काकूंचं काहीच नसतं. ‘आमचं काही नाही हो, पण ह्यांना चालायचं नाही.’ काका म्हणतात, ‘माझं काही नाही, हिच्या माहेरच्यांचं.’ माहेरचे म्हणतात, ‘आमचं काही नाही, पण लोक!’ त्या लोकांना शोधत मी सगळा महाराष्ट्र फिरले. सापडले की सांगतात, आमचं काही नाही.”

वैजयंतीबाईंनी मान खाली घातली. तव्यावरचं थालीपीठ करपल्याचा वास येत होता, पण कोणी उठलं नाही. ऋजुता वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिला अगदी उघड, दुष्ट आनंद होत होता.

“आणि ह्यांची लेक,” सावनी म्हणाली. “गोड पोरगी.”

ऋजुताने चमकून पाटीकडे बघितलं. हा भाग तिने कधी वाचला नव्हता.

“कार्यक्रम संपला की मला भेटते. ‘ताई, तुमचं म्हणणं बाबांपर्यंत पोचवते. ते ऐकतील, हसतील, मग मी हळूच सांगेन.’ बाई गं! प्रेम तुझं, बाप तुझा, आणि भांडायला मी? आणि तो पोरगा कुठाय? तो फाटकाबाहेर उभा. त्याला सांगून आलीये, थांब हं जरा, बाबांचं हसून झालं की बोलावते. बाप निदान तोंडावर विचारतो, कुठले. ही तर त्याला कुठेच ठेवत नाही.”

ध्वनिमुद्रणात क्षणभर शांतता होती आणि मग कोणीतरी एकटंच, खूप मोठ्याने हसलं. मुद्रण संपलं.

ऋजुताचा चेहरा तापला होता. तिच्या पाटीने तिला काय काय वाचू दिलं नव्हतं ते आता कळत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, बाई बोलली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. इतके दिवस ती वडिलांवर चिडत होती. आता चिडायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. तिला अमोघचं “अजून वाचतायत?” आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पाटीने आपल्या नेहमीच्या गोड आवाजात विचारलं, “आठवं प्रकरणही मूळ स्वरूपात ऐकायचं का? कृपया सर्वांनी संमती द्यावी.”

ऋजुताने पाटीकडे लक्ष दिलं नाही. ती उठून वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, मी पुस्तक द्यायला नको होतं, तुमच्याशी बोलायला हवं होतं. आता बोलते. अमोघ वाघमारेशी मी लग्न करणार आहे. तो कुठला ते तुम्हाला कळलंय, आणि तुम्ही का विचारलंत ते मलाही कळलंय. तुम्ही नाही म्हणालात तरी मी करणार. पण तुम्ही यावं अशी माझी फार इच्छा आहे. दुपारी त्याला जेवायला बोलावते. चालेल?”

वैजयंतीबाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं. ‘ह्यांना’ हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला दिसला. तो त्यांनी गिळला आणि लेकीकडे वळून म्हणाल्या, “मला चालेल.”

“धन्यवाद,” पाटी म्हणाली. “एक संमती मिळाली. इतर श्रोत्यांची वाट पाहत आहे.”

मुकुंदरावांनी चष्मा काढला. काचा स्वच्छच होत्या, तरी ते त्या सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. ऋजुता जागची हलली नाही. दुसरा विनोद पुरवायला आता कोणी नव्हतं, समोर पुढारी नव्हते, कुमुदवन्सं नव्हत्या; एक मुलगी होती आणि तिचा एक साधा प्रश्न होता.

“आपला आवाज ऐकू आला नाही,” पाटी नम्रपणे म्हणाली. “कृपया पुन्हा सांगाल का?”